बाबांची संथ डिस्क

ताईच्या टेबलाखालच्या डब्यात चार डिस्क होत्या, आणि एकीचं दुसरीशी जमेल तर शपथ! आत्याची जाडजूड, भाऊजींच्या लॅपटॉपमधून काढलेली, बाबांच्या दुकानातली म्हातारी फिरती, आणि धाकट्या भावाने आणलेली नवी, सुसाट. कंप्युटरला मात्र त्या सगळ्या मिळून एकच कोठार वाटायच्या. आत टाकलेल्या प्रत्येक गोष्टीची एकेक प्रत डबा दोन डिस्कवर ठेवायचा. कुठल्या दोन, ते त्याचं तोच ठरवायचा.

धाकट्याला हे कडबोळं कधीच पटलं नाही. "माझ्या डिस्कला या म्हातारीसाठी ताटकळावं लागतं," तो कुरकुरायचा. "काढून टाक ना ती."

"बाबांची आहे. राहू दे," ताई म्हणायची. बाबा गेल्यापासून त्या डिस्कचं नाव काढलं की ती फणकारायचीच.

एका दुपारी ताई बाहेर गेली असताना डब्यावर लाल दिवा लागला. एक डिस्क मेली होती. आई शेजारी खुर्चीत बसून स्वतःचाच आवाज ऐकत होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिला बोलता येत नव्हतं. आधी ताईने रेकॉर्ड केलेल्या तिच्या गोष्टी, तेवढाच काय तो आवाज उरला होता, आणि तो सगळा या डब्यात.

म्हातारी कटकट वाजत होती. हीच गचकली, धाकट्याने ठरवून टाकलं. आपली नवी कशाला मरते? त्याने ती खसकन ओढली.

आईचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

आईचा हात गळ्याशी गेला. धाकट्याने घाईघाईने डिस्क परत खोचली, डबा बंद करून पुन्हा चालू केला, गोष्ट लावली. म्हातारी घरघरली, अडखळली, फिरू लागली. आणि आई पुढचं सांगू लागली.

मग त्याने पडद्यावर नीट वाचलं. आईच्या गोष्टी नेमक्या नवी आणि म्हातारी या दोघींवर होत्या. मेली होती त्याची नवी. इतका वेळ बोलत होती ती बाबांची.

ताईने आल्या आल्या मेलेली काढून दुसरी घातली. डबा मुकाट कामाला लागला. आईची एकेक गोष्ट म्हातारीकडून घेऊन या दुसरीवर उतरवू लागला, आणि तिकडे आईचं सांगणंही थांबलं नाही. धाकटा तोंडाचा आ करून बघत राहिला. एवढं सगळं टेबलाखाली चालत होतं, आणि आपण कुरकुरत होतो.

"म्हातारीमुळे वेळ लागेल हं," ताई म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला.

आई उठून डब्याशी आली. तिने बाबांच्या डिस्कवर तळवा टेकला. आतलं फिरणं हाताला लागत होतं. तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय.

"अहो," एवढंच.