जागेवरचा ठोका

रेणू चहा ठेवायला आत गेली आणि निर्मलाबाईंनी डब्ब्याचा कान पिळला.

डब्बा म्हणजे सॅम्पलर. हे त्याचं बाजारातलं नाव. फुलचूरच्या महिला भजन मंडळात त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नसे. वर रबराच्या चौकोनी गाद्या, कोपऱ्यात इवलासा पडदा आणि पडद्याखाली एक गोल खुंटी. गादीवर बोट दाबलं की आत भरून ठेवलेला आवाज निघायचा. पडद्यावर चौकटी आखलेल्या, चौकटींत ठिपके, आणि एक ठिपका म्हणजे एक ठोका. ठिपका निवडून खुंटी डावीकडे फिरवली की तो ठोका जरा अगोदर पडायचा, उजवीकडे फिरवली की जरा उशिरा. हे सगळं रेणूनंच मोठ्या हौसेनं बायांना समजावून सांगितलं होतं. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या आणि विसरून गेल्या. एकट्या निर्मलाबाईंनी मान डोलावली नव्हती, आणि त्या विसरल्याही नव्हत्या.

रेणू ही गीताबाईंची सून, राजनांदगावची. तिचा भाऊ तिकडे वरातीपुढच्या धुमाल बँडमध्ये वाजवतो. त्यानं नवा डब्बा घेतला तेव्हा जुना बहिणीला दिला. लोक बहिणीला लुगडं देतात.

मंडळ निघालं तेव्हापासून गळा गीताबाईंचा आणि ढोलकी निर्मलाबाईंची. दोघी मांडीला मांडी लावून बसायच्या. ओळ चांगली उठली की गीताबाईंचा डावा हात निर्मलाबाईंच्या गुडघ्यावर पडायचा. त्या गुडघ्याला आता वाताचं दुखणं होतं, पण ती थाप कधी दुखली नाही.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं त्या सुमारास रेणू माईक घेऊन निर्मलाबाईंच्या घरी आली. "मावशी, बस एकेक थाप द्या. बाकी मी करते."

निर्मलाबाईंनी बांगड्या काढून ठेवल्या आणि फोटो काढायला बसावं तशा ताठ बसून एकेक थाप दिली. पुढच्या आठवड्यात त्याच थापा डब्ब्यातून वाजल्या, आणि निर्मलाबाईंच्या हातात झांज आली.

"आवाज तुमचाच आहे मावशी," रेणू कौतुकानं म्हणाली. "फक्त ताल मी भजनाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घेतला, त्यात तुमचे काही ठोके मागं पडून राहिले होते. ते मी मशीनवर ओढून जागेवर आणले."

जागेवर! घासात खडा यावा तसा तो शब्द निर्मलाबाईंच्या दाताखाली आला आणि तिथेच राहिला. इतकी वर्षं त्यांचे ठोके कुठे होते म्हणायचे? गोंदियाच्या फलाटावर?

त्यात गीताबाईंनी डब्ब्याखाली अंथरायला स्वतः विणलेला रुमाल आणला. ढोलकीखाली त्यांनी कधी पोतंही घातलं नव्हतं. डब्बा रुमालावर, रुमाल गीताबाईंच्या डाव्या अंगाला, म्हणजे बरोबर निर्मलाबाईंच्या जागेवर. निर्मलाबाई मंडळातल्या वच्छलाच्या मागे, खांबाला टेकून.

"किती सरळ वाजते व माय!" वच्छला म्हणायची. खरंच सरळ वाजायचं. फक्त गीताबाई त्याच्यामागे सुटलेली बस पकडावी तशा धावायच्या. ओळ संपवून श्वास घेईपर्यंत डब्बा पुढे गेलेला असायचा. दुसऱ्या कडव्याला खोकला यायचा.

"धुरळा गेला घशात," गीताबाई सांगायच्या. सुनेच्या डब्ब्याला दोष कोण देणार?

उद्या तिरोड्याला तालुक्याची भजनस्पर्धा होती. निर्मलाबाईंचा बेत साधा होता. डब्बा भर मंचावर तोंडघशी पडावा. मग कोणीतरी विचारेल, बाई, ढोलकी आहे का? आणि ढोलकी, योगायोगानं, गाडीत असेल. तिच्या दोऱ्या त्यांनी सकाळीच ताणून ठेवल्या होत्या.

आता कोणता ठोका बिघडवावा ते चटकन सुचेना. म्हणून त्यांनी भजन ओठातल्या ओठात धरलं, गीताबाई म्हणतात तसंच, आणि जिथे बोट अडेल तिथला ठिपका उजवीकडे सरकवला. थोडासाच. जास्त सरकवला असता तर रेणूच्या नजरेत आला असता. शिवाय बिघडवायचंच झालं तरी कामात सफाई हवी. रेणूनं दाखवलेलं बटण दाबून त्यांनी सगळं पक्कं केलं.

"मावशी, साखर?" आतून आवाज आला.

"टाक व बेटा. आज जास्तच टाक."

गळा राखायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सराव झाला नाही. सगळं निर्मलाबाईंच्या मनासारखं चाललं होतं. तिरोड्यात वीज तयार होते. ती सभागृहापर्यंत न पोचण्याचीही त्यांना थोडी आशा होती, पण पंखे गरगरत होते. मंचावर त्या खांबाशिवाय बसल्या, झांज मांडीवर घेतली आणि गीताबाईंच्या पाठीकडे बघत राहिल्या. आज ही पाठ वाकणार होती.

रेणूनं गादी दाबली. डब्बा सुरू झाला. पहिल्याच आवर्तनाला रेणूची मान वळली. तिनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग मागे, सरळ निर्मलाबाईंच्या हातांकडे. निर्मलाबाई पंख्याची पाती बघू लागल्या.

गीताबाईंनी ओळ उचलली, संपवली, श्वास घेतला. निर्मलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

ठोका पडला तो गीताबाईंच्या शब्दाखालीच. पाट मांडून ठेवावा आणि पाहुण्यानं त्यावर टेकावं, तसा. पुढच्या ओळीलाही तसाच. त्याच्या पुढच्याही. गीताबाईंचा खांदा सैल झाला. दुसरं कडवं आलं आणि खोकल्याशिवाय गेलं. गेल्या कित्येक वर्षांत न लावलेला वरचा सूर त्यांनी लावला, आणि तो लागला, तेव्हा पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा "वा बाई!" म्हणून उठून उभाच राहिला.

गीताबाईंनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात बाजूला गेला आणि डब्ब्यावर अलगद थोपटून आला.

निर्मलाबाईंच्या गुडघ्यात कळ आली.

मंडळाला दुसरा नंबर मिळाला. उत्कृष्ट तालसाथीचं वेगळं बक्षीस होतं, भिंतीवरचं घड्याळ. ते रेणूला मिळालं. टाळ्या वाजवताना निर्मलाबाईंच्या हातात झांज होती, त्यामुळे त्यांच्या टाळ्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ऐकू गेल्या.

परतताना गाडीत गीताबाई मधे बसल्या. एका बाजूला डब्बा मांडीवर घेतलेली रेणू, दुसऱ्या बाजूला निर्मलाबाई, आणि पायाशी खोळीतली ढोलकी.

"काऊन व निर्मला, तोंड काऊन पाडून बसली?"

"कोठं पाडलं? गाडी लागून राहिली मले."

"एक सांगू? राग नको मानू." गीताबाई मोठ्या प्रेमानं त्यांच्याकडे वळल्या. "एवढी वर्षं तू माह्या बाजूले बसून वाजवली. पण मले दम कवा लागते, ते तुले नाही समजलं. या डब्ब्याले समजलं!"

निर्मलाबाईंनी तोंड उघडलं. जे म्हणायचं होतं ते सगळं जिभेवर तयार होतं. पण ते म्हणायचं तर डब्ब्याला हात का लावला, तेही म्हणावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं.

"आई," रेणू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डब्ब्याले काही समजत नाही जी. कोणीतरी शिकवा लागते."

"तर मंग! तूनंच शिकवलं न?"

"मी नाही."

"मंग कोणं? तुह्या भावानं?"

गीताबाईंनी आपल्या मनाशी भावाचं नक्की करून टाकलं, त्याला आशीर्वादही दिला, आणि रस्त्याकडेच्या धानाच्या तणसीच्या ढिगांकडे बघता बघता त्यांना डुलकी लागली. झोपेत डोकं निर्मलाबाईंच्या खांद्यावर आलं. निर्मलाबाईंनी खांदा काढून घ्यायचा विचार केला, आणि तो तसाच ठेवला.

"मावशी, हे जरा धरता का?" रेणूनं घड्याळाचं खोकं सासूच्या अंगावरून पुढे केलं. "माह्या मांडीवर जागा नाही."

निर्मलाबाईंनी ते घेतलं.

फुलचूरला गाडी थांबली. गीताबाई डोळे चोळत पुढे गेल्या. निर्मलाबाईंनी ढोलकी काखोटीला मारली आणि खोकं रेणूपुढे धरलं. रेणूचे दोन्ही हात डब्ब्याखाली होते. ते तिनं तिथून काढले नाहीत.

"मावशी, उद्या दुपारी घरी या न. दुसऱ्या भजनाचे ठोके अजून सरळच आहेत."

निर्मलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर उपकारही नव्हता आणि चौकशीही नव्हती. डब्ब्याखालचा तो विणलेला रुमाल मात्र होता, आणि तो अजूनही डोळ्यांत खुपत होता.

"मले कोठं फुरसत आहे व?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. चार पावलांवर थांबल्या.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं, घड्याळ छातीशी धरून.