शून्य ते दहा

नवऱ्याचं पोट पहाटेपासून दुखतंय, हे पाळकबाईंना त्याच्या हसण्यावरून कळलं. एरवी पाळकसाहेब एवढं हसत नसत. पण इस्पितळातल्या खाटेशेजारी चर्चच्या मंडळीचे चिटणीस साहेबांचे शब्द टिपायला वही उघडून बसले होते, आणि त्यांच्यादेखत कण्हायची सोय नव्हती. "ख्रिस्त न्यायाला बसलेल्या पिलातापुढे गप्प राहिला," हे औषध साहेबांनी वीस वर्षं प्रत्येक आजाऱ्याला पाजलं होतं.

सिस्टरनं विचारलं, "शून्य ते दहा. किती दुखतंय?"

"दोन," साहेब म्हणाले. उशी घामानं भिजली होती.

सिस्टरनं दोन लिहिलं. डॉक्टर मोठ्या आकड्यांपासून तपासत, दोनवाल्यांचा नंबर शेवटी.

बाईंनी आपलं डावं मनगट चोळलं. तीन वर्षांपूर्वी त्या चर्चच्या पायरीवरून पडल्या, तेव्हा इथंच साहेबांनी त्यांच्या वतीनं 'एक' सांगून टाकलं होतं. हाड मोडल्याचं नऊ दिवसांनी कळलं. तोवर ते वाकडं जुळायला लागलं होतं.

"अहो, अपेंडिक्स असलं तर फुटेल. खरा आकडा सांगा."

"लोकर कातरणाऱ्यापुढे मेंढरू गप्पच असतं," साहेब दात आवळून म्हणाले. चिटणीसांनी टिपून घेतलं.

"पिलातापुढे गप्प होता तो. वधस्तंभावर मोठ्यानं ओरडला, थेट देवबापाला 'मला का सोडलंस' म्हणून विचारलं. दर गुड फ्रायडेला उपदेशात ती ओळ आली की तुमचा आवाज बसतो. आणि ही सिस्टर काही पिलात नाही. तिला नुसता आकडा हवाय."

चिटणीसांचं पेन थांबलं. बाई उठल्या आणि डॉक्टरांनाच घेऊन आल्या.

डॉक्टरांनी पोट हळूहळू दाबलं. साहेब हसले. मग डॉक्टरांनी हात झटकन उचलला. आतली सूज अशी सोडतानाच उघडी पडते. कोपऱ्यातल्या ठार बहिऱ्या आजोबांनीसुद्धा मान वळवली.

"ऑपरेशनला घ्या," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी साहेबांनी डोळे उघडले. "चिटणीस?"

"तुम्ही ओरडलात तेव्हाच गेले."

"आता किती?" सिस्टरनं विचारलं.

साहेबांनी दाराकडे पाहून घेतलं. "सात."

"पेन हातात आहे तोवर माझंही लिहा," बाई म्हणाल्या. "मनगट. सहा. तीन वर्षं झाली."

साहेबांनी तोंड उघडलं.

"तुम्ही जरा गप्प राहा," म्हणत बाईंनी हात सिस्टरपुढे धरला.