गोलमध्ये मिठाची डबी

…हा टवका पडला तेव्हा गोल झाला होता, एवढं नक्की. मिठाच्या डबीच्या झाकणाला, अगदी कडेला, नखाएवढा टवका उडालेला. तो त्यावरून अंगठा फिरवत बसला होता आणि समोरचा चहा केव्हाच निवून गेला होता. कुठला सामना, कोणाविरुद्ध, ते काही आठवेना. आठवत होतं ते एवढंच की दुपारी मैदानावर झालेला गोल संध्याकाळी या टेबलावर पुन्हा झाला, त्याच्या हातून जरा जास्तच जोरात झाला, आणि डबी आडवी होऊन मीठ सांडलं. तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, गोलकीपरला लागलं."

मिठाची डबी गोलकीपर, ही पहिल्यापासूनची व्यवस्था. चमचे आपले, काटे त्यांचे. कोटाचं तुटलेलं बटण हा चेंडू. आणि चष्म्याचं रिकामं घर हा रेफरी, कारण त्याच्याकडे चष्मा कधीच नसतो — हा विनोद तिचा. आजारपणात तिचे पाय गेले त्याआधी दोघं मिळून फुटबॉलच्या सामन्यांना जायची, मैदानावरच्या जुन्या स्टँडच्या वरच्या अंगाला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. नंतर तो एकटा जाऊ लागला. आणि पहिल्याच खेपेला परतल्यावर तिचा चेहरा बघून त्याला कळेना की काय बोलावं… हरलो म्हणावं, की पाय दुखतायत म्हणावं — पाय दुखतायत असं या घरात आता कोणत्या तोंडाने म्हणायचं… तेव्हा त्याने टेबलावरची डबी उचलली आणि एका टोकाला ठेवली. तेव्हापासून ती खिडकीतूनच विचारायची, काय झालं? आणि तो रस्त्यावरूनच म्हणायचा, घरी येऊन सांगतो. निकाल तिने रेडिओवर ऐकलेला असायचा. हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

आज डबीला सुट्टी होती. आज ती स्वतः सामन्याला येणार होती.

आतल्या खोलीतून फणी ठेवल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग तिच्या खुर्चीची चाकं थोडी मागे गेल्याचा आवाज. सकाळपासून ती तयारी करत होती. सामना दुपारचा, पण हिची घाई बघता वाटावं की गाडी पकडायची आहे. आणि तो इथे डबी हातात धरून बसला होता, कारण एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती. काल रात्री सांगायची राहिली, आज उठल्यावर राहिली, आणि आता ती बाहेर येईल तेव्हाही राहणार हे त्याला दिसत होतं.

ती बाहेर आली. गळ्यात तपकिरी मफलर — जुना, तिनेच विणलेला, एका टोकाला वीण चुकलेला.

"कशी दिसते?"

"चांगली दिसतेस."

"बघून सांगा."

त्याने बघितलं. चांगलीच दिसत होती. आणि त्यामुळे सांगणं आणखी अवघड झालं.

तपकिरी हा क्लबचा रंग. म्हणजे होता. आता क्लब निळा आहे, चकचकीत निळा, आणि हा रंग कोणी ठरवला ते कोणाला माहीत नाही. एक दिवस नवे कपडे घालून पोरं मैदानात आली तेव्हा लोकांना कळलं. क्लबला मालक आला होता. आधी क्लबला मालक असतो ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. क्लबचे सभासद होते, वर्षातून एकदा सभा व्हायची, सभेत भांडणं व्हायची, हात वर व्हायचे, आणि पुढच्या वर्षी तीच भांडणं पुन्हा. मालकाने सभा बंद केली. भांडणंही बंद झाली, हे खरं. पण ज्या घरात कोणी भांडत नाही ते घर आपलं उरलंय का, असा प्रश्न त्याच्या मनात येई, आणि तो लगेच दुसऱ्या कामाला लागे. मालकाला जवळून कोणी पाहिलं नव्हतं. समोरच्या बाजूला काचेची खोली बांधली होती, तिथे एक माणूस बसतो आणि तो टाळ्या फार हळू वाजवतो, एवढीच माहिती. स्टँडमधून गाणं सुरू झालं की खांबावरचे भोंगे त्यावर मालकाचं गाणं लावत. बरं, संघ जिंकू लागला होता. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं स्टँडवर शेजारी उभा राहणारा बेकरीवाला म्हणायचा. पण म्हणताना त्याचं तोंड गोड दिसायचं नाही.

आणि या मालकाने लिफ्ट बसवली होती.

इथे त्याचं मन दर वेळी ठेचाळत असे. कारण तो स्वतः लिफ्टचा मेकॅनिक. उभा जन्म दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला — ऑफिसं, दवाखाने, एक नाट्यगृहसुद्धा — सगळ्या गावाला वर नेलं आणि घरच्या माणसाला जुन्या स्टँडच्या जिन्यापुढे हात टेकावे लागले. सभेत तो दर वर्षी उभा राहायचा. लिफ्ट बसवा, सामान तेवढं आणा, मजुरी मी घेत नाही. सगळे मान डोलवायचे. सगळी आपली माणसं. तिच्या आजारपणात डबे पोचवणारी, दवाखान्यात रात्री जागणारी. आणि दर वर्षी तीच माणसं प्रेमाने म्हणायची, बघू. आपल्या माणसांचं 'बघू' ऐकत ऐकत तिचे केस पांढरे झाले… आणि या परक्याने कोणाला न विचारता, न सांगता, एका उन्हाळ्यात काम उरकून टाकलं. आपल्यासाठी नाही हो, नियम आला असेल, पाहुण्यांसाठी असेल. पण लिफ्ट तर आली.

गेल्या आठवड्यात तो एकटा जाऊन ती बघून आला होता. दाराला हात लावला, आत उभा राहिला, वर गेला, खाली आला, भिंतीला कान लावून ऐकलं. थांबताना झटका देते का? नाही. दार जमिनीला घासतं का? नाही. एखादी खोड सापडली असती तर बरं वाटलं असतं. एवढं चांगलं काम! — आणि त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला याचा रागही आला; एकाच माणसावर इतका राग आणि त्याचेच एवढे उपकार, हे घेऊन माणसाने उभं तरी कुठे राहायचं, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

नेमकं तिथेच मास्तरांनी त्याला गाठलं होतं. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, गळ्यात अजून शिट्टी, आणि जुन्या स्टँडवर त्यांचा शब्द चालतो.

"ठरलंय," मास्तर म्हणाले. "मध्यंतरानंतर मी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करायची. दुसरी शिट्टी होईपर्यंत. ओरडा नाही, फेकाफेकी नाही. त्या काचेतून त्याला नुसत्या पाठी दिसल्या पाहिजेत."

"पुढच्या सामन्याला हिला आणतोय मी, इतक्या वर्षांनी."

"माहीत आहे." मास्तरांनी शिट्टी मुठीत धरली. "वहिनींचं मी काही म्हणत नाही. पण तू लिफ्टच्या दारातच उभा असणार. तू वळला नाहीस तर लोक म्हणतील, एका लिफ्टवर माणूस विकला गेला. आपण काही त्याचं मीठ खाल्लेलं नाही."

तो बरं म्हणाला. म्हणजे 'बरं' असा आवाज त्याच्या तोंडून निघाला. आता तिची खुर्ची ढकलत रस्त्याने जाताना त्याला वाटत होतं, मी नक्की कशाला बरं म्हणालो? पाठ करायला? की तिची खुर्चीही वळवायला? इतक्या वर्षांनी तिला मैदान दाखवायचं आणि ऐन रंगात आलं की भिंतीकडे तोंड करून बसवायचं… आणि नाही वळवलं तर? सगळ्या पाठींमध्ये तिचा एकटीचा चेहरा. काचेतल्या माणसाला वाटेल, चला, एक तरी खूश आहे. सांग आता तिला. हा चौक गेला की सांग. चौक गेला. ती मफलर सारखा करत होती आणि दुकानांची नावं वाचत होती, कोणतं बंद पडलं आणि कोणतं नवं आलं ते.

फाटकावर एका मुलीने तिच्या मांडीवर निळा मफलर ठेवला. फुकट, क्लबतर्फे. त्याचा हात पुढे झाला, परत करायला; पण तिने तो मफलर उलगडला, झटकला आणि गुडघ्यांवर पांघरला.

"असू दे. गार आहे. गुडघ्यांना रंग कळत नाही."

लिफ्टमध्ये दोघंच. दार लागलं, आणि त्याने सवयीने मान तिरकी करून आवाज ऐकला. तिने त्याच्याकडे बघितलं. "चांगली आहे ना?" तिने विचारलं. "चांगली आहे," तो म्हणाला.

वरच्या ओट्यावर दार उघडलं. तिने स्वतःच चाकं पुढे ढकलली, कठड्यापाशी थांबली, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"केवढं हिरवं आहे हो."

"हं."

"तुम्ही हिरवं कधी सांगितलं नाहीत."

खरंच सांगितलं नव्हतं. चुकलेले पास सांगितले, रेफरीच्या चुका सांगितल्या, कोण लंगडत होता तेही सांगितलं. पण हिरवं… ते मला दिसायचंच बंद झालं होतं का? त्याने पहिल्यांदा पाहावं तसं मैदान पाहिलं. होतं खरं हिरवं. डोळ्यांत भरण्याइतकं.

पहिला भाग तिने पुढे वाकून पाहिला. निळे कपडे बघून सुरुवातीला ती आपल्या संघाऐवजी समोरच्यांसाठी टाळ्या वाजवत होती. लक्षात आल्यावर ओशाळली, मग हसली. गोलकीपर कोण ते नाव त्याने सांगितलं, मालकाने कुठून तरी लांबून आणलेला उंच मुलगा. पण तिने नाव घेतलंच नाही. "तुमची मिठाची डबी फार पुढे येते," ती म्हणाली. पुढच्या पायरीवरचा बेकरीवाला वळून बघू लागला, आणि घरातली गोष्ट घराबाहेर गेल्यासारखं वाटून तो लाजला. गोल काही झाला नाही. मध्यंतर झालं.

आता मात्र पळवाट नव्हती. तो तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि सांगितलं. शिट्टी, पाठ, दुसरी शिट्टी. सांगताना तो तिच्या गुडघ्यांवरच्या निळ्या लोकरीकडे बघत होता.

तिने निळा मफलर गुडघ्यांवर सारखा केला.

"कधी ठरलं?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि मी सकाळपासून नटतेय." तिचा स्वर रागाचा नव्हता, त्यामुळे त्याला जास्त लागलं. मग तिने खाली बघितलं. जुन्या स्टँडवरची सगळी डोकी, टकली, टोप्या, ओळखीची आणि म्हातारी झालेली. मास्तरांचे खांदे केवढे उतरले होते. "हे सगळे आले होते दवाखान्यात," ती म्हणाली. "तुम्ही पाठ करा. करायलाच हवी."

"आणि तुझी खुर्ची?"

तिने हात खाली नेला आणि खुर्चीचा ब्रेक लावला. आधी एका चाकाचा, मग दुसऱ्याचा.

खेळ सुरू झाला. मास्तरांची शिट्टी झाली, शाळेतल्यासारखी, लांब. कपड्यांची सळसळ झाली, बुटांचे आवाज झाले, आणि सगळा स्टँड वळला. तोही वळला. कठड्यापलीकडे एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे तिचा चेहरा बरोबर त्याच्या समोर आला, आणि इतक्या जवळून, इतक्या उजेडात, काही काम नसताना, तिचा चेहरा आपण शेवटचा केव्हा पाहिला… सकाळी तिने बघून सांगा म्हटलं तेव्हाही घाईच होती. डोळ्यांखाली बारीक रेघा, हनुवटीवरचा तीळ. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"जरा डावीकडे सरा. दिसत नाही."

तो सरला. स्टँड चिडीचूप. पाठीमागे दुरून चेंडूला लाथ बसल्याचा आवाज येत होता, तेवढाच. आणि मग ती हळू आवाजात बोलू लागली, त्याला ऐकू जाईल एवढंच, "त्यांचा काटा पळतोय… कडेने. आपला चमचा पडला. उठला. रेफरीने काही पाहिलं नाही, चष्मा नाही त्याच्याकडे…" भोवतालची माणसं खाली मान घालून उभी होती, पण ऐकत होती, बेकरीवाल्याच्या ओठांचा कोपरा हलताना दिसला. "बटण आता मधे आहे. आता इकडे. आपल्याकडे येतंय… नाही, गेलं."

तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. त्यांत मैदान दिसेल असं उगाच वाटलं होतं. तसं काही दिसत नव्हतं, नुसते डोळे होते, इकडून तिकडे जाणारे. इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून ती डबीकडे नाही, माझ्याच तोंडाकडे बघत होती का? असंच? मी बघतोय तसं?

तिचा आवाज थांबला. डोळे मोठे झाले, हात तोंडाशी गेला. त्याच्या पाठीमागे, पलीकडच्या बाजूला, सगळं मैदान उसळल्यासारखी आरोळी उठली. जुन्या स्टँडवर कोणी मान वळवली नाही. पण खांद्याखांद्यांतून एक कळ गेल्याचं जाणवलं.

"कोणी?" त्याने विचारलं. "आपला की त्यांचा?"

तिने त्याच्याकडे बघितलं. या सगळ्या वेळात पहिल्यांदाच.

"घरी गेल्यावर सांगते."

दुसरी शिट्टी झाली. माणसं वळू लागली, धडाधडा, अधाशासारखी, आणि फलकावर काय आहे ते पाहून कोणी काय म्हणालं ते त्याने कानांवर घेतलं नाही. तो वळला नव्हता. वळायला हवं होतं. आता पाठ करून उभं राहण्यात कसला निषेध नव्हता, कोणाला काही दाखवायचं नव्हतं. काचेतल्या माणसावरचा राग जागच्या जागी होता, लिफ्टही जागच्या जागी होती, दोन्हींचा मेळ काही बसला नव्हता आणि बहुधा बसणारही नव्हता… पण संध्याकाळी टेबलाच्या आपल्या नाही, तिच्या बाजूला आपण बसायचं, आणि डबी तिने ठेवायची, हे त्याच्या मनात आलं, आणि फलक न बघता घरापर्यंत जाता येईल का, याचा तो विचार करू लागला.