ह्याच्या पुढचं बसवलंच नाही

वेळापत्रक म्हणजे शाळेच्या डोक्याला ताप! एक तास इकडचा तिकडे करावा, तर दुसरे चार बोंबलत येतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेने, एकवीस वर्षं हा ताप एकटीने सोसला होता. टेबलावर चौकटींचा लांबरुंद कागद, हातात खोडरबर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दारात कुणीही आलं तरी मान वर न करता एकच उत्तर : "नंतर ये." पालक असले तर "नंतर या." फरक एवढाच!

बाई वाईट नव्हत्या हो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कामाला वाघ. शाळेचा निकाल त्यांनी वर आणला, गळकं छप्पर भांडून भांडून दुरुस्त करून घेतलं. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त वेळ. आणि वेळ नसलेल्या भल्या माणसाच्या हातून काय होऊन बसतं, त्याचीच ही गोष्ट.

दर वर्षी शाळा सुरू झाली की खांद्याला कापडी पिशवी लावून एक म्हातारे गृहस्थ बाईंच्या दारात यायचे. उभा जन्म नाटकमंडळीत पडद्यामागे काढलेला. गावभर त्यांना नाटकवाले काका म्हणत. मागणं एवढंच, की आठवड्याचे दोन तास द्या, मुलांकडून नाटक बसवून घेतो.

"काका, इथे पोरांना भागाकार येत नाही आणि तुम्ही सोंगं काय शिकवताय?"

"सोंगं नाही बाई, बोलायला शिकवतो."

"बोलायला? अहो, त्यांना गप्प बसवता बसवता आमच्या नाकी नऊ येतात!"

"तो कलकलाट झाला. बोलणं वेगळं. जे खरं सांगायचं असतं, ते पोरांच्या पोटातच राहतं. 'माझं असं झालं' म्हणायला जीभ रेटत नाही. पण दुसऱ्या कुणाचं तरी सोंग द्या, तेच पोर घडाघडा बोलतं. चाळीस वर्षं बघतोय मी."

"बरं, परीक्षा झाल्यावर बघू. नंतर या."

काका पिशवी सावरून निघून जायचे. पुढल्या वर्षी ये रे माझ्या मागल्या. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी मात्र वरून परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने नाट्यशिबिर घ्यावे आणि छायाचित्रांसह अहवाल पाठवावा. "घ्या! आलं आणखी एक लचांड," म्हणत बाईंनी काकांना निरोप धाडला. हुशार मुलांचं नुकसान नको, म्हणून सातवीची 'क' तुकडी दिली आणि मोडक्या बाकांची खोली दिली. काकांनी बाकं भिंतीला लावली, मुलांना गोल बसवलं आणि म्हणाले, "कुणाला तरी काही सांगायचं होतं आणि राहून गेलं, असं काय आहे ते आठवा. पण स्वतः होऊन सांगायचं नाही हं. दुसरं कुणीतरी व्हायचं."

दहाव्या दिवशी त्याच खोलीत नाटक ठेवलं. पालक आले, शिक्षक आले. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर वेळापत्रकाचा कागद घेऊन. फोटो निघाला की उठायचं, हे त्यांनी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं.

एक काटकुळी मुलगी टेबलाशी येऊन बसली. वर्गात हिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने तारेचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पेनाचं टोपण दातात धरलं, डावा गुडघा चोळला आणि कागदात डोकं खुपसलं. खोलीत खसखस पिकली! शिक्षकांनी तोंडाला रुमाल लावले. मोठ्या बाईंनाही हसू आलं. कार्टी हुबेहूब करते की, असं त्या मनात म्हणाल्या.

बाजूला दोन मुलं कुजबुजली, "नंतरबाई आहेत का रे आत?" आपलं हे नाव बाईंना तेव्हा कळलं. हसू तिथेच विरलं.

मग दारात दुसरी एक मुलगी आली. हातातल्या दप्तरातून पाणी ठिबकत होतं. "बाई, येऊ?"

"नंतर ये."

दुसऱ्यांदा आली, तेव्हा एक वेणी अर्धी कापलेली. कापलेली रिबीन मुठीत घट्ट धरून ती उभी होती. "बाई, येऊ?"

"नंतर ये."

तिसऱ्यांदा ती रिकाम्या हातांनी आली आणि तेच ऐकून गेली. चौथ्यांदा आली ती आईबरोबर, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला. कारकून झालेल्या मुलाने विचारलं, "बाई, कारण काय लिहू?" टेबलामागची मुलगी मान वर न करता म्हणाली, "लिहा, घरगुती अडचण."

बाईंनी ते शब्द ओळखले. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीच्या दाखल्यावर हे शब्द त्यांनीच सांगितले होते. कारण विचारलंच नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता?

शेजारच्या वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, "टेबलामागची ही तिची धाकटी बहीण. तेव्हा थोरलीचा हात धरून तुमच्या दाराशी उभी असायची ही."

काका पुढे आले. "मंडळी, नाटक इथे संपलेलं नाही. ह्या खुर्चीतल्या बाईंनी काय करायला हवं होतं? ज्याला सुचेल त्याने इथे येऊन बसावं आणि करून दाखवावं."

कुणीच हललं नाही. मग मोठ्या बाई उठल्या. मांडीवरचा कागद खाली पडला. सगळ्यांना वाटलं, आता तोफ सुटणार! धाकटीने घाबरून चष्मा काढला आणि ती बाजूला झाली. बाई जाऊन त्या खुर्चीत बसल्या.

"बाई, येऊ?" दारातल्या मुलीने विचारलं.

बाईंनी मान वर केली. "ये बाळ, बस. काय झालं? सांग मला."

मुलगी आत आली, टेबलापाशी आली आणि थबकली. तिने तोंड उघडलं, मिटलं, काकांकडे पाहिलं. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, ह्याच्या पुढचं आम्ही बसवलंच नाही."

"का गं?"

"कारण इथपर्यंत कधी कुणी आलंच नाही ना!"

आणि धाकटी कोपऱ्यातून म्हणाली, "पुढचं ताईलाच माहीत आहे, बाई."

सगळे पांगल्यावर बाई त्याच खुर्चीत बसून होत्या. "काका, खरं सांगा. पहिल्या वर्षीच तुम्हाला तास दिले असते, तर थोरली बोलली असती?"

काका नाटकाचं सामान पिशवीत भरत होते. "बोललीच असती असं कसं म्हणू? पण तिला दुसरं एक दार तरी मिळालं असतं."

"बैल गेला आणि झोपा केला, अशी गत झाली माझी."

"झोपा करायलाच हवा, बाई. दावणीला अजून सातशे आहेत!"

त्याच दुपारी बाई धाकटीबरोबर निघाल्या. थोरली एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करत होती. बाईंना पाहताच ती सवयीने उठून उभी राहिली. "बाई, तुम्ही?"

"तेव्हाचं ऐकायला आले गं. तू तीनदा आली होतीस."

थोरली खाली बसली. सुई पुन्हा हातात घेतली आणि शर्टावरची नजर न काढता सांगत गेली. वर्गातल्या तिघी जणी, नळाच्या हौदात बुडवलेलं दप्तर, कातरीने कापलेली वेणी, आणि ह्यांपैकी काही घरी बोललीस तर धाकटीचीही हीच गत करू, ही धमकी. दोन बटणं लावून होईपर्यंत सांगून संपलं.

"एवढंच होतं बाई. फार वेळ नसता घेतला तुमचा."

बाई म्हणाल्या, "परत ये शाळेत. मी स्वतः तुझी तयारी करून घेईन."

"आता बहिणीएवढ्या मुलींच्या बाकावर बसू होय? राहू द्या. हात बसलाय आता ह्या कामात." मग जरा थांबून ती म्हणाली, "धाकटीचं नाटक मात्र बंद करू नका हं. घरीसुद्धा बोलायला लागलीये ती."

"चुकलं माझं, पोरी. फार चुकलं!"

"जाऊ द्या, बाई," थोरली म्हणाली, आणि तिने पुढचा शर्ट ओढला. तिने रागावायला हवं होतं, असं बाईंना राहून राहून वाटलं.

त्यानंतर वेळापत्रक नव्याने मांडलं गेलं. प्रत्येक वर्गाला, प्रत्येक तुकडीला नाटकाचे दोन तास. गणिताच्या सरांनी कुरकुर केली, बाईंनी ती ऐकून घेतली, पण तास काढले नाहीत. ऑफिसातलं टेबल फिरवून दाराच्या समोर आणलं. धाकटीने आणि तिच्या मैत्रिणींनी ताईला विचारून नाटकाचं पुढचंही बसवलं. दर वर्षी ते होतं. दर वर्षी त्या खुर्चीत मोठ्या बाई स्वतः बसतात, "ये बाळ, बस," म्हणतात आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतात. पण जिचं ऐकायचं होतं, ती त्या वेळी शिंप्याच्या दुकानात बटणं लावत असते.

तेव्हा मंडळी, तुम्ही शिक्षक असा, आईबाप असा, मूल दारात आलं की आधी मान वर करा. आणि ज्याच्याने दारात येववत नाही, त्याच्यासाठी शाळेत नाटकाची एक खोली राखून ठेवा, मोडक्या बाकांची का असेना. सोंग घेऊन का होईना, ते तिथे खरं बोलेल. 'नंतर' नावाचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो!