धुळीच्या उजेडाआड आलेला दिवा

मी भीमाबाईच्या गोठ्यासमोरचा, खांबावरचा दिवा बोलतोय. पारनेरच्या माळावर आमची चार घरांची वस्ती. बिबट्यानं इथलं एक वासरू ओढून नेलं, तेव्हा ग्रामपंचायतीनं मला उभं केलं. पहिल्या संध्याकाळी मी लागलो आणि भीमाबाईनं हात जोडले. मी नुसता फुलून गेलो.

आठवड्यानं सावेडीहून स्कूटरवर दिपालीताई आल्या. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. गेली चार वर्षं माघ-फाल्गुनात, चंद्र नसलेल्या संध्याकाळी, त्या इथूनच पश्चिमेचा एक फिकट उजेड कॅमेऱ्यात टिपत होत्या. ग्रहांच्या मधल्या पोकळीत बारीक धूळ फिरते. सूर्य बुडून पुरता अंधार पडला, की तिच्यावरचं ऊन आभाळात तिरकं चढलेलं दिसतं. त्या वर्षी मात्र कॅमेऱ्यात मीच मी होतो.

"मावशी, तासभर दिवा बंद ठेवाल का?"

"आन् बिबट्या आला, तर तुमची धूळ येनार हाय का राखनीला?" भीमाबाई फटकन बोलली. पण दिपालीताईंचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिनं बटण दाबलं.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या संध्याकाळी, मी विझलेला असताना, गोठ्यातली एक शेळी ओरडली. एकदाच. मला पुन्हा लावलं तेव्हा तिच्या जागी तुटलेलं दावं तेवढं होतं.

"माझ्यामुळं झालं, मावशी," म्हणत दिपालीताई मातीतच बसल्या. भीमाबाई ते तुटलेलं दावं गुंडाळत राहिली.

त्यानंतर दिपालीताई आल्याच नाहीत. मी रोज दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत जळायचो. बिबट्या फिरकला नाही, तरी मला त्याचा अभिमान वाटेना.

पुढच्या माघात भीमाबाईनंच फोन केला. "म्याडम, माजी शेळी गेली, म्हनून तुमची धूळबी जाऊ द्यायची व्हय? या. सोय केलीया."

तेलाचा रिकामा डबा चिरून तिनं वायरमनकडून माझ्या डोक्यावर झापड बसवून घेतली होती. आता माझा उजेड गोठ्यापुरताच पडत होता.

दिपालीताईंनी गोठ्यामागच्या बांधावर कॅमेरा लावला. शेजारी भीमाबाई. पुरता अंधार पडला, तसा भीमाबाईचा आवाज आला.

"त्यो व्हय? लई फिका हाय की. ह्याच्यापायी एवढ्या लांबून येता?"

"हो, मावशी."

"मग उद्याबी या. भाकरी खाऊन जावा."

तो उजेड मी कधी पाहिलेला नाही. पत्र्याआडून मला फक्त शेळ्या दिसतात, निवांत रवंथ करणाऱ्या. तुमच्या दारी माझे भाऊबंद लावाल, तेव्हा एवढंच करा, त्यांचं तोंड जमिनीकडे ठेवा. मान खाली घालण्यात आम्हाला कमीपणा नाही.