ओळख असली तरी कार्ड

"कार्ड दाखवा, बाई," शाळेच्या फाटकावरची मावशी म्हणाली आणि तिने नजर कुलपावर वळवली.

मोठ्या बाई पर्स उपसत होत्या. चष्म्याचं घर, रुमाल, गोळ्यांची पट्टी, किल्ल्या. नातीला न्यायचं कार्ड तेवढं नव्हतं. "इथंच तर असतं गं."

फाटकाच्या आत नात उभी होती. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण पायाला विसावा म्हणून नाही. तिचा हात धरून नव्या वर्गशिक्षिका पुढे आल्या. "मावशी, उघडा की. हातच्या काकणाला आरसा कशाला? मोठ्या बाईंना कोण ओळखत नाही?"

खरंच होतं. बाईंची सगळी नोकरी याच शाळेत झाली, शेवटी पर्यवेक्षिका म्हणून. पूर्वी इथे ज्याचा त्याचा कायदा. कुणी चेहरा बघून मूल सोपवी, कुणी गोड बोलण्यावर. एकदा असंच ओळखीच्या काकाच्या हाती मूल दिलं आणि आईला ते रात्री परगावात सापडलं. मग बाईंनी शिक्षक, शिपाई, मावश्या सगळ्यांना एकत्र बसवून घोकून घेतलं: ओळख असली तरी कार्ड. तोंड बघून माप द्यायचं नाही. आणि मूल रस्ता ओलांडून दिसेनासं होईपर्यंत फाटक लावायचं नाही. संस्थाचालकांच्या मेहुण्याला याच मावशीने उन्हात उभं केलं, तेव्हा बाईंनी तिची पाठ थोपटली होती.

"हा नियम मी बसवलाय. मलाच शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलात बाई."

"बरं, उद्या आणते. आज सोड."

मावशी गजांना तोंड लावून हळूच म्हणाली, "शोधू नका. काल ताई आल्या होत्या. तुमचं कार्ड ऑफिसात परत देऊन गेल्या. म्हणाल्या, आता मीच येत जाईन."

ताई म्हणजे बाईंची लेक.

पर्समधला हात पर्समध्येच राहिला. गेल्या आठवड्यात भिंगरीला घेऊन जाताना घराकडे वळायचा चौक बाईंना एकाएकी परका वाटला होता. शेवटी एका दुकानदाराने दोघींना घरी पोहोचवलं. "जरा फिरून आलो," बाईंनी सांगितलं. भिंगरीनेही आजीची री ओढली. लेकीने तेव्हा दुकानदाराकडे पाहिलं होतं.

"काय खुसुरफुसुर चाललीय?" नव्या बाई म्हणाल्या. "मी जबाबदारी घेते. उघडा."

मावशीने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात कंबरेच्या किल्लीकडे गेला. बाईंनी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. आवाज जुना, वर्गातला होता. "तुम्ही नव्या आहात, ऐकून ठेवा. अनोळखी माणसाला कुणीही अडवतं. ओळखीच्याला अडवायला शिकायचं. पोरीला आत न्या, तिची आई येईपर्यंत."

"आजी, चल ना," भिंगरी म्हणाली. "मला रस्ता माहितेय. मी दाखवते तुला."

"दाखव हं. आई आली की."

भिंतीलगतच्या सिमेंटच्या बाकावर, जिथे पालक बसत, बाई जाऊन बसल्या. पर्समधल्या वस्तू उगीचच पुन्हा लावू लागल्या.

लेक कामावरून धापा टाकत आली आणि आईला बघून जागीच थबकली. "आई, मी सांगणारच होते गं. जीभच रेटेना."

"आधी कार्ड दाखव. मावशी ताटकळलीय."

लेकीने कार्ड दाखवलं. कुलूप निघालं. लेकीने एका हाताने भिंगरीला धरलं, दुसऱ्या हाताने बाईंना. बोटं नाही, मनगट धरलं. लहान मुलाचं धरतात तसं. बाईंनी ते सोडवून घेतलं नाही.

बाकीची मुलं केव्हाच गेली होती. फाटक लावायला हरकत नव्हती. पण तिघी रस्ता ओलांडून दिसेनाशा होईपर्यंत मावशी हातात कडी धरून उभी राहिली.