आनंदीबाईच्या नावाची पुडी

सकाळच्या पहिल्या गाडीने उतरलेली सात-आठ माणसं घरापुढच्या खळ्यात शिरली आणि आनंदीबाईकडे न बघताच पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तिचा पुतण्या गुरुदास टेबल मांडून बसला होता. आनंदीबाई तुळशीपलीकडच्या धोंडीवर साण घेऊन कुड्याचं पाळ उगाळत होती. कातळावरच्या कुड्याचं मूळ ते, सुकून हाडासारखं झालेलं. ताकाचा थेंब टाकायचा, गोल गोल फिरवायचं आणि साणेवर उतरलेलं वाटीत घ्यायचं. हगवण लागलेल्या माणसाला चाळीस वर्षं ती हेच देत आली होती. कडूजहर. पण तिसऱ्या दिवशी माणूस होडीवर जायचा.

त्या सकाळी तिच्यासमोर एकच बाई बसली होती, तीही जरा वेळाने चुळबुळू लागली.

"काकी, ता गोड वखाद थय मेळता ना?" तिने पडवीकडे बोट दाखवलं.

"थयच मेळता," आनंदीबाई म्हणाली, आणि उगाळलेलं तसंच राहिलं.

मोरवेळची वाडी खाडीच्या तोंडावरची. पाचपन्नास घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. आनंदीबाईचा घोव गेला तेव्हा घरात दोघंच उरली, ती आणि आई-बाप नसलेला दिराचा झील गुरुदास. तिने त्याला मासळी विकून वाढवला, बारावी केला. मग तो कणकवलीला एका औषधांच्या दुकानात तीन वर्षं कामाला होता. नारळी पुनवेला होड्या पाण्यात पडल्या आणि तो परत आला, म्हणाला, "काकी, तुझो गुण मोठो, पण उगाळून उगाळून तू किती जणांका देतलंस? आपण चूर्ण करूया."

तिला ते पटलं होतं, खोटं कशाला सांगा. महिन्याभरात पिवळ्या कागदाच्या पुड्या आल्या. वर लिहिलेलं, 'आनंदीबाईचे पोटाचे चूर्ण'. तळेऱ्याहून माणसं येऊ लागली, आंबोलीहूनसुद्धा. म्हातारीला आपलं नाव छापलेलं बघून चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी मनात पाल चुकचुकली.

कारण गुण फार बेगीन येत होता. सकाळी पुडी घेतली की दुपारी माणूस भात-आमटी मागायचा. आनंदीबाईला ठाऊक होतं की कुडो असं करत नाही. कुडो आधी पोटात भांडतो, एक दिवस माणसाला पेजेवर लोळवतो, मग हळूहळू सोडतो.

मग विठोबाच्या ढोपरांची गोष्ट झाली.

विठोबा शेजारचाच. तिच्या घोवाच्या वांगडा एका होडीवर तीस वर्षं जाळं ओढलेला. त्याला पोटात वात धरायचा, म्हणून तो रोज दोन पुड्या घ्यायचा. एके दिवशी तो काठी न घेता खळ्यात आला आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"वयनी, बग. धा वर्सांनी ह्यो असो बसलंय. तुझ्या चूर्णान ढोपरां खुली झाली."

"पोटाच्या वखादान ढोपरां?"

"तर काय. भूक पण लागता. सून शेवंती म्हणता, मामंजी, तुमच्या तोंडार तेज इला."

आनंदीबाईने त्याचं तोंड नीट न्याहाळलं. गाल फुगले होते, डोळे बारीक झाले होते. तिला ते तेज वाटलं नाही. पावसात भिजून फुगलेल्या लाकडासारखं ते तिला दिसलं.

"किती दीस घेतंस रे?"

"गणपतीपासून. रोज दोन. कदी तीन."

विठोबा गेल्यावर तिने टेबलावरची एक पुडी उचलली आणि जिभेवर टाकली. आधी गोड, ज्येष्ठमधाचं. मागून सुंठ. आणि त्याच्याही मागून एक कडवटपणा जिभेच्या शेंड्याला चावला आणि गेला. कुड्याचा कडूपणा घशात जाऊन बसतो, संध्याकाळपर्यंत उठत नाही. ही जीभ चाळीस वर्षं कुडो चाखत आली होती, ती फसली नसती.

ती माळ्याखालच्या कोनाड्याशी गेली. पावसाआधी तिनेच बांधून ठेवलेल्या कुड्याच्या सालीच्या पाच मोळ्या तिथे होत्या. चूर्ण त्यांचंच व्हायचं होतं. पाचही तशाच. सुंभाची गाठसुद्धा सुटली नव्हती. दोन महिन्यांत हजारो पुड्या गेल्या, आणि साल बोटभर कमी नाही.

त्या दिवसापासून म्हातारी नजर ठेवू लागली. गुरुदास मागच्या खोलीला कुलूप लावायचा, चावी करगोट्याला बांधायचा. जेवताना ती ताट वाढायची आणि त्याच्या नखांकडे बघायची. नखांत पांढरी पूड असायची. पोटच्या पोरासारखा वाढवलेला तो, आणि आता त्याची नखं तपासायची वेळ आली, याची तिलाच लाज वाटायची.

एका सकाळी न्हाणीच्या चुलीतली राख काढताना तिच्या हाताला काहीतरी टोचलं. चांदीसारखी चकचकीत पट्टी होती, अर्धी जळलेली. गोळ्यांची. राखेत चाळलं तर आणखी निघाल्या. तिने चार पट्ट्या धुतल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि गुरुदास खळ्यात आला तसं विचारलं.

"गुरुदासा, चूर्णात काय घालतंस?"

"जेष्ठमध, सुंठ, तुझो कुडो."

"कुड्याच्या मोळ्यांची गाठ सुटाक नाय."

"दुसरीकडसून आणतंय."

"आणि ह्या?" तिने गाठ सोडली.

गुरुदासने पट्ट्यांकडे बघितलं, मग फाटकाकडे. माणसं अजून आली नव्हती. तो खाली बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. "काकी, दुकानात असताना बगलंय मी. ह्योच गोळये डॉक्टर लिवन देतत. मी नुसते कुटून घालतंय. लोकांक गुण येता मा? कोण मेलो?"

"डॉक्टर माणूस बगून देता. तू कोणाक बगतंस?"

"तुका वायट वाटता, कारण तुझ्या कुड्याक कोण इचारणा नाय."

हा घाव तिला लागला. लागला, कारण त्यात थोडं खरं होतं. तिला राग आला होता तो लोक आपल्याकडून उठून जातात याचाही. मग ती स्वतःवरच संशय घेऊ लागली. आपण म्हाताऱ्या झालो, आपला मत्सर बोलतो की आपली जीभ? त्या गोंधळात आठ दिवस गेले. ते आठ दिवस पुढे तिने स्वतःला कधी माफ केले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी विठोबाची सून शेवंती धावत आली. केस मोकळे, हात मासळीच्या पाण्याने भिजलेले.

"आनंदीकाकी, मामंजी परसाकडे गेले ते थयच पडले. सगळा काळा झालेला."

"काळा कसा?"

"डांबरासारख्या. चिकाट."

आनंदीबाईच्या हातातलं पाळ साणेवर आडवं पडलं. तांबडं दिसलं असतं तर आतड्याची मुरड म्हटली असती, कुडो दिला असता. डांबरासारखं काळं म्हणजे वर पोटातच रक्त जातंय. यावर तिच्याकडे पाला नव्हता, मूळ नव्हतं, काही नव्हतं.

"तेच्या पोटात काय्येक घालू नको. रिक्षा बोलव, कणकवलीक नेवचा लागतला," ती म्हणाली, आणि टेबलावरच्या चार पुड्या उचलून पदरात टाकल्या.

गुरुदास वाटेत उभा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "काकी, तू खंय चल्लंस?"

"विठोबावांगडा."

"त्यो पुडये हय ठेव. तोंड उघडलंस तर पोलीस इतले. पुडीर माझा नाव नाय, तुझा आसा."

"म्हणानच जातंय," ती म्हणाली. "माझा नाव आसा."

रिक्षात विठोबाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. अंगाला थंड घाम सुटलेला. वाटेत तो एकदा डोळे उघडून म्हणाला, "वयनी, पुडी दी गो, बरा वाटात." तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पोट दाबून बघितलं, फुगलेलं तोंड बघितलं आणि विचारलं, "काही औषध चालू होतं का?"

"तसं काही नाही," शेवंती म्हणाली. "झाडपाल्याचं घेतात. त्याने अपाय होत नाही."

"कोणाकडचं?"

शेवंतीने आनंदीबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या नजरेत काय होतं ते म्हातारीला कळलं. आता शेवंती तिच्यावरच संशय घेत होती.

आनंदीबाईने गाठ सोडली. पुड्या आणि पट्ट्या टेबलावर ठेवल्या. ती जमेल तशी शुद्ध बोलू लागली. "बाई, हे माझ्या नावाचं आहे. पण ह्यात झाडपालो नाय. ह्यो गोळये कुटून घातलेत. रोज दोन-तीन पुड्या, गणपतीपासून."

डॉक्टरीणबाईने पट्टीवरची अर्धवट जळलेली अक्षरं उजेडात धरून वाचली. दुसरी वाचली. मग ती नर्सकडे वळून भराभर बोलू लागली. सलाईन लागलं, रक्ताची सोय करायला शेवंतीचा घोव धावला. सगळं झाल्यावर ती आनंदीबाईपाशी आली.

"यातली एक गोळी पोट पोखरते. दुसरी सूज आणते आणि अंगातली ताकद मारते, पण दुखणं झाकते. ती एकदम बंद केली असती तरी माणूस गेला असता. तुम्ही आणलंत म्हणून कळलं. कोणी बनवलं?"

आनंदीबाईने पदराची रिकामी गाठ पुन्हा बांधली. मग तिने गुरुदासचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापासकट.

विठोबा वाचला. वीस दिवसांनी घरी आला. तोवर सरकारी माणसांनी मागच्या खोलीचं कुलूप तोडून डबे नेले होते. गुरुदास त्यांच्याआधीच वाडीतून निघून गेला होता. कोण म्हणे गोव्याला, कोण म्हणे आणखी कुठे. जाताना त्याने काकीसाठी निरोप ठेवला नव्हता. म्हातारीचे जबाब झाले, दोनदा मालवणला खेपा झाल्या. वाडीत बोलणं वेगळंच चाललं. "करून गेलो गाव नि कांदळगावचा नाव," केलं एकाने, नाव दुसऱ्याचं, असं तिची बाजू घेणारे एखाद-दुसरे म्हणायचे. बाकीचे म्हणायचे, म्हातारीलाच सगळं ठाऊक होतं, आता पुतण्यावर ढकलते. तळेऱ्याची माणसं अजून येत. खळ्यात टेबल नाही बघून चिडत. "गोड वखाद बंद कित्याक केलंस?" असं तिलाच दटावत, आणि उगाळलेल्या वाटीकडे न बघता परत जात.

मार्गशीर्षात वारा फिरला, खाडीवर सकाळचं धुकं बसू लागलं. अशा एका सकाळी विठोबा काठी टेकत, पाय ओढत खळ्यात आला. गाल उतरले होते. उंबऱ्यावर बसताना त्याला भिंतीला धरावं लागलं.

"ढोपरां परत धरली, वयनी."

"धरतली. ती बरी खंय झाली होती?"

"कालपासून पॉट पण चलता. तीन वेळा जावन इलंय."

"रंग कसो?"

"पिवळो. तसो काळो नाय." तो थोडा घुटमळला. "तुझ्याकडे ती गोड पुडी एखादी रवली नाय मा? एकच."

"नाय."

"माणसा बोलतत, गुरुदासाचा नाव झालेला तुका बगवला नाय. म्हणान तू तेका घालवलंस."

"तुका काय वाटता?"

विठोबा खाडीकडे बघत राहिला. "माका काय कळता," तो म्हणाला.

आनंदीबाईने साण पुढे ओढली. ताक घातलं, पाळ फिरवायला लागली. विठोबा तिच्या हातांकडे टक लावून बघत होता. ताक कुठल्या लोट्यातलं, मूळ कुठल्या फडक्यातलं, सगळं बघत होता. चाळीस वर्षं याच हातचं त्याने डोळे मिटून प्यायलं होतं. वाटी भरली तशी तिने ती त्याच्यापुढे धरली.

त्याने हात पुढे केला नाही.

"आदी तू पी," तो म्हणाला.

आनंदीबाईने वाटी उचलली आणि अर्धी प्यायली. घशात कडूपणा उतरला, डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. वाटी परत त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आज दीसभर पेजच घी. उद्या थांबाक नाय तर दवाखान्यात जा. शेवंतीक सांग मी सांगलंय म्हणान."

विठोबाने थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं, तिला काही होतंय का ते. मग वाटी उचलली. पहिल्या घोटाला तोंड वेडंवाकडं केलं, पण वाटी खाली ठेवली नाही.